तशीच तार

सुरत, २० फेब्रुवारी १९९६

प्रिय कावेरी,

मी बरा आहे. तू वेळेवर जेवतेस ना? पोटातल्या जिवाला जप.

आजोबा गेल्याचं तुझं पत्र काल मिळालं. त्याआधी तार आलती, पण मी हसून खिशात घातली. गेल्या धुळवडीला जावयाला गाढवावर मिरवायचं म्हणून त्यांनी 'आजोबा सिरीयस' अशीच तार धाडलती ना! मी रडत फाट्यावर उतरलो, तर चपलांची माळ घेऊन स्वतःच उभे. म्हणाले, "जावई, लई पळालात! चढा आता."

आजी कशी आहे? घरात दुखवटा, म्हणून यंदा मिरवणूक नको असं सगळे म्हणतील. पण मी न बोलावता येतोय. गाढव तयार ठेवा. माळेत आजोबांच्या वहाणा ओवा.

तुझा,
राजेश्वर