मासा काढून घेतलेलं पाणी

मी, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, कॉलेजात जिला सगळे पाठीमागे ‘पिसूबाई’ म्हणत ती, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र करीत आहे. दडपण घालणारे माझे यजमान केव्हाच वारले.

कलम १. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी मुलीला देणार असे सगळे धरून चालले आहेत. देत नाही. घर विकावे आणि येईल ते मुलगी व तिचा धाकटा भाऊ यांना निम्मे-निम्मे द्यावे. सह्यांसाठी मुलीला या घरात बोलावू नये. वकिलांच्या ऑफिसात बोलवावे.

कारण लिहून ठेवते, कारण नणंदबाई विचारल्याशिवाय राहणार नाहीत. “बाप गेला ना? मग आता कसली भीती? नुसती नाटकं!” हे त्या माझ्यादेखत बोलल्या आहेत.

वन्सं, मी जन्मभर पाणपिसवा पाळल्या. तळ्यातला तिळापेक्षा लहान जीव. त्यांच्या बरणीत मासा सोडावाही लागत नाही. मासा राहून गेलेलं पाणी गाळून ओतलं तरी पुरतं. त्या पाण्यात त्या नीट वाढायच्या आधीच, लहानशा अंगाने, पिल्लं घालायला लागतात. खाल्लं जाण्याआधी मागे कोणीतरी उरावं म्हणून. माझ्या मुलीने शिक्षण अर्धवट सोडून पहिल्या विचारणाऱ्याशी लग्न केलं, लगेच आई झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात, पोरीला भारीच घाई. जिन्यात वडिलांच्या चपला वाजल्या की भरल्या ताटावरून उठणारी पोर होती ती. त्यांनी तिला कधी बोटही लावलं नाही. लावावं लागलंच नाही.

ते गेल्यावर मी भिंती रंगवल्या, त्यांचं कपाट काढलं, पडदेसुद्धा बदलले. एकदा ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिचे खांदे लहानपणीसारखे आकसले. “नको गं आई. बाहेरच बसू ना.” तेव्हापासून मी आग्रह सोडला. पिसूला समजावत बसत नाहीत, तिचं पाणी बदलतात. म्हणून घर विकायचं.

कलम २. सूक्ष्मदर्शक धाकट्याला. कॉलेजला देऊ नये. “बायकांना पिसवा मोजायला बरं जमतं,” म्हणत तिथल्या विभागप्रमुखांनी माझं काम स्वतःच्या नावाने छापलं. त्यांना काहीही नाही. त्यांच्यावरचा राग आता थोडाच उरलाय, तो मी सोबत नेते.

कलम ३. फडताळातली गाळाची बाटली मुलीला. पाण्यात माशाचा वास आला की काही पिसवा जाड कवचाची अंडी घालतात. ती तळाच्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतात आणि चांगलं पाणी, उजेड मिळाला की त्यातून पिल्लं निघतात. बाळा, तुझ्या घरातल्या खिडकीत ठेव. निघाली नाहीत तरी टाकू नकोस.

कलम ४. मी गेल्यावर मला घरात आणू नये. फाटकाबाहेर आम्हा मायलेकींच्या दोन घडीच्या खुर्च्या असतात, तिथे ठेवावं. आईजवळ बसायला तिला उंबरा ओलांडावा लागू नये. नणंदबाईंना नाक मुरडायचं असेल तर त्यांनी आत बसून मुरडावं.

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
२. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)

लिहून देणार: पिसूबाई (सही)

दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे.

स्थळ: फाटकाबाहेर. सह्या होईपर्यंत वकील दुसऱ्या खुर्चीवर बसले होते. ती लेकीची आहे, म्हणून काम संपल्यावर त्यांना उठवलं.