वाटीच्या बुडावरचं नाव

प्रिय द्वारके,

फोन काहून उचलत न्हाईस? लावून लावून बोट दुखलं माझं. शेवटी हे लिहून हिरासिंग जीपवाल्याच्या हाती देऊन राहिले. तुझ्याच हातात दे म्हणलं, घरात दुसऱ्या कुणाच्या न्हाई. साखऱ्याच्या शाळेत तुझ्याशेजारी बसून चौथी केली तेवढंच माझं शिक्षण. अक्षर वाकडं असंल, तरी पुरतं वाच.

माझी जाई हिंगोलीच्या नव्या हळदीच्या संग्रहालयात लागली, हे तुला ठाऊक आहे. जुनी जाती, हळद शिजवायच्या कढया माणसांना फिरून दाखवायच्या. शेवटी प्रत्येकाच्या कपाळाला हळदीचं बोट लावायचं, हसून ‘परत या’ म्हणायचं. हसायचाच पगार तिचा. एक जण खरंच परत परत यायला लागला. तीच कढई बघायची अन् कपाळ पुढं करायचं. नाव विचारलं तर म्हणतो, कळंल लवकरच. एक दिवस म्हणला, तुम्ही मला हळद लावली, आता आपलं ठरलं. ती म्हणली, दादा, मी सगळ्यांनाच लावते. दादा म्हणल्याबरोबर त्याचं तोंड असं फिरलं, की पोरगी दोन पावलं मागं सरली. साहेबाला सांगितलं तर तो म्हणे, तिकीट काढून येतो, कसं अडवू?

मग गुरुवारी रिक्षावाल्याच्या हाती घरी वाटी आली. कालवलेली हळद, वर हिरवा ब्लाऊजपीस. नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडं पाठवतात ना, तशी. मी शेतात होते. सासूबाईंनी, दारात आलेली हळद परत करू नये म्हणून, वाटी ठेवून घेतली, वर रिक्षावाल्याच्या हातावर साखर ठेवली! झालं. घरच्यांचा होकार आला असं धरून बसला तो. तवापासून तोंडाला दस्ती बांधून आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा. मोटारसायकल वाजली की जाई न्हाणीत जाऊन कडी लावते. आरशापुढं उभी राहून, हसू न येऊ द्यायची सवय करून राहिली लेकरू. द्वारके, मला कुणाला भ्यालेली तू कधी पाहिलीस? आता भिऊन राहिले.

काल ती वाटी राखेनं घासली. हळद निघाली तसं बुडावरचं नाव दिसलं. ‘चि. अनिरुद्धच्या जावळाला, अनुसयामावशीकडून.’ तुझ्या लेकासाठी मीच बाजारात उभी राहून कोरून घेतलं होतं. जाईनं त्याला लहानपणानंतर पाहिलंच न्हाई, ओळखणार कशी? तुझ्या मांडणीवरून वाटी गेली ते तुला कळलंच न्हाई, का कळलं म्हणूनच फोन उचलत न्हाईस? सोमवारी संग्रहालय बंद असतं, मंगळवारी जाईला पुन्हा त्या दारात उभं राहायचं आहे. सोमवारी दिवस मावळायच्या आत तू ये, एकटी ये. वाटी घेऊन जा, अन् अनिरुद्धला कसा आवरणार ते तुझ्या तोंडानं सांग. न्हाई आलीस, तर मंगळवारी सकाळी ती वाटी पोलीस ठाण्यातल्या टेबलावर असंल, तिच्यावर माझं नाव असलं तरी.

अजून तरी तुझीच,
अनुसया