पोडियमवरच्या लॉनचं मशीन कोणी घ्यायचं

राकेश, ते मशीन अजून माझ्या दारात आहे. मोरीकडे जायचं तर त्याला वळसा घालावा लागतो. "उद्या उचलतो आजी" म्हणालास त्याला आज अकरा दिवस झाले. आता बाकीचं.

सर्वांना जय भीम. मी कांताबाई रतन ओव्हाळ, वय एकाहत्तर, राहणार येरवडा, पुणे, शिक्षण चौथी, तीही अर्धी, लिहून देते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही. करून बघावी. गुरुवारी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मला त्याची नाहीच, मला गवताची आहे. वर्षावास सुरू झाला की हरळी बोटाबोटाने वाढते, ती माझ्या टाक्यांसाठी थांबणार नाही. बसून लिहवतही नाही. दोन ओळी झाल्या की उठून आभाळ बघून येते.

दीनानाथ वकिलांनी नमुना दिला आहे. त्यात खराडीच्या सोसायटीचं लॉन कापायचं काम कुठे लिहायचं, असं मी विचारलं. म्हणाले, "आजी, काम मृत्युपत्रात देता येत नाही."

"मग कशात देतात?"

ते चष्मा पुसत बसले. म्हणून मीच लिहिते.

कलम १. घर. खालची खोली मुलगा चेतन याची. वरची पत्र्याची खोली नात चैताली हिची, तिचं लग्न झालं तरी आणि नाही झालं तरी. जिना दोघांचा. चेतनने जिन्याच्या दाराला कुलूप लावायचं नाही. लावशील, मला माहीत आहे, म्हणून लिहिलं.

कलम २. हाताने ढकलायचं जुनं मशीन. हे माझे पती कालकथित रतन ओव्हाळ यांचं. ते एका साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. त्या बंगल्यात आमचा चहाचा कप नळाजवळ उपडा ठेवलेला असायचा, बाकीचे कप आत. यांनी बावीस वर्षं त्या कपातून चहा घेतला. मी एकदाही घेतला नाही. यांना दम लागायला लागला तेव्हा यांचा फुल शर्ट घालून मीच मशीन ढकललं. साहेबांना दोन महिने कळलं नाही, कारण माळ्याच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवय नव्हती. यांच्यामागे मी सोसायट्यांची कामं धरली आणि त्यावर हे घर चाललं. चेतनला गवतात वाकायची लाज वाटायची, त्या गवताची भाकरी खायची नाही वाटली. असो. हे मशीन चैतालीला. पात्यांना वर्षातून दोनदा धारवाल्याकडून, आपण समोर उभं राहून, धार लावून घ्यायची.

कलम ३. दारातलं पेट्रोलचं मशीन. हे नातू राकेश याने मला न विचारता, चैतालीला न विचारता, फोनवर लोकांनी दिलेल्या चांदण्या मोजून घेतलं. "आजी, याला पॉवर बघ! मैदान कापेल मैदान!" म्हणाला. आपलं लॉन मैदानात नाही. ते खराडीत पार्किंगच्या डोक्यावर, स्लॅबवर आहे. त्याला ते लोक पोडियम म्हणतात. माती वीतभर. वर जायला लिफ्ट, नाहीतर बावीस पायऱ्या.

लिफ्टपाशी वॉचमनने अडवलं. "पेट्रोल लिफ्टमध्ये चालत नाही, मावशी."

राकेश म्हणाला, "अरे भाऊ, टाकी रिकामी आहे."

"रिकामी आहे तर वर नेऊन काय पाण्यावर चालवणार?"

मला त्या वॉचमनला चहा पाजावासा वाटला. मग चौघांनी पायऱ्यांवरून उचलून नेलं. ओल्या मातीत चाकं रुतली, लॉनवर दोन लांब चर पडले, आणि तेल गळालं तिथे परातीएवढा पिवळा डाग. सेक्रेटरी केयूरसाहेब आले. चांगले आहेत, ओरडत नाहीत. म्हणाले, "आजी, या महिनाअखेरपर्यंत लॉन नीट झालं नाही तर आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

मी म्हटलं, "बघा. पण आधी त्याचं मशीन बघा."

बोलले मी ताठ, पण वीस वर्षांचं काम आहे.

मशीन वाईट नाही. सपाट मैदान असेल तर राजासारखं चालेल. राकेशने ते एखाद्या शाळेला विकावं आणि आलेले पैसे चैतालीच्या हातात ठेवावेत.

कलम ४. मशीनसाठी बँकेत वेगळी ठेवलेली रक्कम, सगळी, चैतालीला. तिने ऑपरेशनची वाट न बघता बुधवारीच दुकानात जावं. पॉवर, रंग, सूट, हे सगळं नंतर. आधी मशीन स्वतः उचलून बघायचं. एकटीने उचललं नाही तर तिथेच सोडून यायचं, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. मग ढकलायचं, वळवायचं, तीनदा बंद करून तीनदा चालू करायचं. पातं आपल्या हाताने काढून परत बसवायचं, आणि तसं पातं पुण्यात त्याच दिवशी मिळतं का विचारायचं. "मागवून देतो" म्हणाला तर नमस्कार करून निघायचं. वायरचं नको, घाईत वायरच कापली जाते. मला वाटतं बॅटरीचं घ्यावं, लिफ्टमधून जाईल. पण हे माझं वाटणं झालं. ढकलणारी तू आहेस, ठरवणारी तूच. जो ढकलणार नाही त्याने मशीन निवडायचं नाही, हे एवढं एकच मला पन्नास वर्षांत कळलं आहे.

कलम ५. काम. राकेश चैतालीला म्हणाला, "तू फक्त मशीन चालव, बाकी मी मॅनेज करतो." मॅनेज म्हणजे काय ते मी त्याला विचारलं. त्याला एक खुर्ची, एक फोन आणि स्वतःचं नाव छापलेलं कार्ड लागणार होतं. तीन वर्षं उन्हातान्हात माझ्याबरोबर चैताली आली. काम तिचं. केयूरसाहेबांना मी तसं चिठ्ठीत कळवलं आहे. राकेशला काम हवं असेल तर चैतालीने त्याला रोजावर घ्यावं. कापलेलं गवत गोळा करण्यापासून सुरुवात.

कलम ६. मोठी कात्री. ती शेजारच्या मंदाकिनीकडे आहे. दिली तेव्हा धड होती, आता टोक मोडलंय म्हणतात. मंदाकिनी इथे साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा तिने हे कलम वाचूनच करावी.

राकेश, तुझ्यावर राग नाही. तू माझ्यासाठीच घेतलंस ते मला कळतं. पण तू ते माझ्यासाठी घेतलंस आणि ढकलणार मी नव्हते, बस एवढंच.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, दोन साक्षीदारांसमोर वाचला आणि खाली सही केली. अंगठा नाही, सही.

कांताबाई रतन ओव्हाळ

साक्षीदार:
१. दीनानाथ कांबळे, वकील
२. मंदाकिनी साळवे, शेजारीण (वाचून सही केली. कात्री आणून देते.)

स्थळ: येरवडा, पुणे
दिनांक: २१ जुलै २०२५

सहीनंतर आठवलं, म्हणून खाली लिहिते आणि परत सही करते. वस्तीत लोक विचारतील, नातू असताना म्हातारीने सगळं नातीला का दिलं. याचं उत्तर चैतालीने द्यायचं नाही. तिला काम आहे. राकेशने द्यायचं, उभं राहून, खरं काय ते.

कांताबाई रतन ओव्हाळ