डाव्या खांद्यावरची नळी

३ मार्च, सोमवार

मास्तरांनी आज माझं बुडी मारायचं कार्ड ठेवून घेतलं. फाडलं नाही, एवढीच मेहेरबानी!

क्लबचा नियम सरळ आहे. पाण्याखाली जोडीनेच जायचं, आणि जोडीतल्या दोघांनाही एकमेकांना हवा देता आली पाहिजे. सोबत्याची टाकी संपली तर आपला राखीव रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून टाकीतली हवा घ्यायचं यंत्र, त्याला द्यायचा. तो छातीवर उजव्या बाजूला अडकवलेला असतो. उजव्या हाताने खेचायचा, त्याच्या तोंडाशी न्यायचा, संपलं. बावीस वर्षं हे करतोय. नवीन लोकांना शिकवलंय सुद्धा.

आज तरणतलावात खेचायला गेलो, तर हात पोचला, पण बोटं कुठून आणणार? दोन करवतीने नेली, गेल्या वर्षी. उरलेल्या दोन बोटांना आणि अंगठ्याला हातमोज्यातून ती पकड जमत नाही. चार वेळा केलं. चारही वेळा तो तिथेच लटकत राहिला, आणि समोर माझी जोडीदार, म्हणजे ही, माझी बायको, गळ्यावरून हात फिरवून 'हवा संपली, हवा संपली' अशी खूण करत राहिली.

मास्तर अडुसष्ट वर्षांचे, बंदरावर पाणबुडे होते, लाडीगोडी ठाऊक नाही. म्हणाले, "तीस तारखेला परीक्षा. जमलं तर जमलं. नाहीतर यापुढे तू पाहुणा, शिक्षकाचा हात धरून फिरायचं." आणि हिला जोडीदार कोण? क्लबातले दातांचे डॉक्टर आहेतच तयार, म्हणे.

दातांचे डॉक्टर!

४ मार्च, मंगळवार

ही म्हणाली, "अहो, एखादं वर्ष गेलं तर काय बिघडतं? मी फोटो काढून आणीन."

 दुपारी कारखान्यात एका दाराला चुकीच्या बाजूने बिजागऱ्या लावल्या.

५ मार्च

नाही थांबणार. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच पाठ फिरवता येणार नाही.

८ मार्च, शनिवार

दुकानात तीन तास! दुकानदार शेवटी स्टुलावर बसला.

गोष्ट अशी आहे. जॅकेटच्या डाव्या खांद्यावरून एक नळी येते, तिच्या टोकाला मूठ असते — इन्फ्लेटर. एक बटण दाबलं की जॅकेटमध्ये हवा भरते, दुसऱ्याने सुटते. वर-खाली जायचं ते त्यावर. आता अशी मूठ मिळते की तिलाच तोंडात धरायचा रबरी तुकडा असतो. म्हणजे इन्फ्लेटरही तोच आणि राखीव रेग्युलेटरही तोच. उजवीकडचं लटकणं बंद. सोबत्याला मात्र हा द्यायचा नाही. त्याला आपल्या तोंडातला चालू रेग्युलेटर काढून द्यायचा, आणि आपण ही डावीकडची मूठ तोंडात धरायची. सगळं काम डाव्या हाताचं. माझा डावा हात घोड्यासारखा आहे.

दुकानदाराने तीन काढून ठेवले. मी हातमोजा चढवला, डोळे मिटले. पहिल्याची तीनही बटणं सारखी — भरायचं कुठलं, सोडायचं कुठलं, तोंडातलं पाणी उडवायचं कुठलं, बोटाला काही पत्ताच लागत नाही. बाद. दुसरा एवढा जड की नाकापेक्षा मोती जड, आणि मान थोडी उजवीकडे वळवली की दातांतून निसटतो. बाद.

"काका, सगळे हाच दुसरा नेतात."

"नेऊ देत. सगळ्यांना दहा बोटं आहेत."

तिसरा साधा. एक बटण खोल, एक उंच, एक बाजूला. डोळे मिटून वीस वेळा, एकदाही चुकलो नाही. तोच घेतला. त्याला हवेची नळी वेगळी, जाड लागते. आपली जुनी बसत नाही. शिवाय तोंडातल्या रेग्युलेटरलाही लांब नळी घेतली, नाहीतर दिला तरी दोघांची कपाळं आपटत राहणार. हे दुकानदाराने आपणहून सांगितलं. भला माणूस आहे, उगाच ओरडलो त्याच्यावर.

९ मार्च, रविवार

सामान पाण्यात नेण्याआधी घरी सवय हवी. सागाच्या तुकड्यातून त्या मुठीची हुबेहूब लाकडी प्रत केली. तीन बटणं, जागच्या जागी. दोरीने डाव्या खांद्यावर टांगली. दिवसभर तीच घालून फिरतोय. दात घासताना मध्येच तोंडातला ब्रश काढून हिला देतो आणि लाकूड तोंडात धरतो.

लेकीचा फोन आला, चित्रासकट. "बाबा, गळ्यात काय बांधलंय?" समजावलं. ती म्हणाली, "आईला फोन दे." मग दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. माझ्याविषयीच, दुसरं काय!

१५ मार्च, शनिवार

तरणतलाव, चार मीटर. हात दाखवून अवलक्षण!

देणं जमलं. तोंडातला काढला, हिच्या हातात दिला, मूठ पकडली, पाणी उडवलं, तोंडात धरली. नऊ सेकंद. मास्तरांनी अंगठा दाखवला — वर चला. वर जाताना जॅकेटमधली हवा फुगते, ती सोडावी लागते. आणि बावीस वर्षांच्या सवयीने मी काय केलं? सोडायला मूठ डोक्याच्या वर उचलली. जिच्यातून श्वास घेत होतो तीच मूठ! स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडातली हवा काढून घेतली आणि घटाघटा पाणी प्यायलो.

वर आल्यावर मास्तर एवढे हसले की त्यांना खोकला आला. मग गंभीर झाले. "दिसलं का? नवशिक्याची ही चूक होत नाही. ही जुन्या खोडांचीच होते." नळी उचलायची नाही, तोंडात ठेवूनच हलकेच खाली ओढायची, खांद्यापाशी झडप आहे, ती उघडते.

खाली. खाली. खाली!

१६ मार्च

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या हाताचा तो पीळ घालवायचाय.

१९ मार्च, बुधवार

लाकडी मुठीच्या कडीत दोरी बांधून दुसरं टोक भिंतीच्या खुंटीला अडकवलं. आता सवयीने वर उचलली की खुंटीवरचा पत्र्याचा डबा पडतो. सकाळी अकरा वेळा पडला, संध्याकाळी चार वेळा. कारखान्यातली पोरं म्हणतात, शेठ घरी काय करतात देव जाणे.

२३ मार्च, रविवार

डबा पाच दिवसांत एकदाही पडला नसता तर आणखी बरं वाटलं असतं, पण काल नि परवा नाही पडला.

आज खाणीत गेलो — जुनी दगडाची खाण, पाण्याने भरलेली, क्लबचं सरावाचं ठिकाण. मास्तर बरोबर होते म्हणून परवानगी. नऊ मीटरवर सहा वेळा केलं. सात सेकंद. हवा सोडताना एकदाही हात वर गेला नाही. उजवा हात हिच्या जॅकेटच्या पट्ट्यात कोपरापर्यंत अडकवला, तेवढं त्याला येतं. मी खूश. एक गोष्ट मात्र खटकली. ही माझा रेग्युलेटर हातात घेते, मान डोलावते आणि परत देते. तोंडात धरत नाही. विचारलं तर म्हणाली, "कळलं हो, जमतंय तुम्हाला. सारखं काय चोखायचं ते?"

असेल.

३० मार्च, रविवार

नापास. माझ्या हातामुळे नाही.

चार मीटर, तरणतलावाचा खोल भाग. मास्तरांनी आधी सांगितलं होतं की या वेळी नुसती खूण नाही, ते मागून हिच्या टाकीची चावी खरोखर बंद करणार. केली. हिने खूण केली. मी दिला — सहा सेकंद, माझा आजवरचा सर्वांत कमी वेळ. मूठ माझ्या तोंडात, मी आरामात श्वास घेतोय. ही समोर हातात रेग्युलेटर घेऊन त्याच्याकडे बघतेय. मग माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मग तो सोडून दिला आणि सरळ वर निघून गेली.

मास्तर काठावर हिला म्हणाले, "बाई, चार मीटरवर वर पळता येतं. वीस मीटरवर असं केलंत तर फुप्फुसं फाटतील." कार्ड त्यांच्याकडेच. तेरा एप्रिलला पुन्हा एक संधी, शेवटची.



३१ मार्च

दातांच्या डॉक्टरांचा हिला फोन. सहानुभूती. मी कारखान्यात गेलो.

२ एप्रिल, बुधवार

आज बोलली. ही औषधाच्या दुकानात काम करते, प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय गोळी देत नाही. बोलणंही तसंच, मोजून.

"तुमच्या तोंडातला काढून मी घेऊ? आणि तुमचा तो हात निसटला तर? मी श्वास घेत बसू आणि तुम्ही...?"

म्हटलं, "अगं, पण निसटत नाही! मोजलंयस ना? तूच घड्याळ लावलं होतंस."

"मोजलंय. डोक्याला पटतं. पण तुम्हाला चहाचा कप दिला की मी खाली हात धरून उभी असते. वर्षभर. तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

नव्हतं बघितलं. खरंच नव्हतं. राग आला. मग वाईट वाटलं. मग परत राग आला, आणि तो कोणावर ते काही कळेना. एक वर्ष मी समजत होतो की मी सावरलो, आणि ही रोज मला झेलायला उभी! मी नऊचे सात केले, सातचे सहा केले. सेकंद कापायचे नव्हतेच. हिला घ्यायला शिकवायचं होतं. बरं, मग तेच. अकरा दिवस आहेत.

५ एप्रिल, शनिवार

तरणतलावाच्या तळाशी दोघं समोरासमोर गुडघ्यांवर. मास्तर वर काठावर पाय सोडून. ठरलं होतं: आज मी काही दाखवायचं नाही, हिने फक्त घ्यायचं. घ्यायचा, तोंडात धरायचा, दहा श्वास, परत.

पहिल्या वेळी दोन श्वास. तिसऱ्याला चार. डोळे सगळा वेळ माझ्या हातावर. मग मी उजवा हात पाठीमागे नेऊन ठेवला. हिला दिसेचना. अकराव्या वेळी पूर्ण दहा श्वास घेतले, आणि मुखवट्यातून मला डोळे वटारून दाखवले. किती बरं वाटलं!

"तोंडातला घास काढून देणारे खूप भेटतात," मास्तर म्हणाले, "तो खाणारा मिळत नाही." मास्तरांना आज सुभाषितं सुचत होती.

६ एप्रिल

चाळीस वेळा. जबडा दुखतोय. दोघांचाही.

१० एप्रिल, गुरुवार

आता ही न सांगता घेते. स्वयंपाकघरात मी लाकडी मूठ घालून उभा होतो, तर मागून येऊन तोंडातला ब्रश ओढून घेतला. चाचणी, म्हणे. दातांवर फेस तसाच, मी लाकूड चावतोय. दोघं हसून हसून बेजार.

१३ एप्रिल, रविवार

पास!

चावी बंद, खूण, मी दिला, हिने घेतला. वर येताना नळी खाली ओढली, हवा सुटली, दोघं एका संथ चालीने वर. मास्तरांनी कार्ड परत दिलं, ओलंच. दातांच्या डॉक्टरांनी हात मिळवला, डावा. माणूस वाईट नाही.

लेकीला फोन केला. ती रडली. हे मात्र मला अपेक्षित नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

खाणीत पहिली खरी बुडी, आम्ही दोघंच. बारा मीटर, अर्धा तास. मस्त. फक्त ही दर दोन मिनिटांनी माझ्या हवेच्या काट्यात डोकावते. लहान मूल असल्यासारखं! जाऊ दे, आनंदात विरजण नको.

२७ एप्रिल, रविवार

अठरा मीटरवर होतो. मी भिंतीकडे बघत होतो. हिने खूण केली नाही, माझ्या तोंडातला सरळ ओढून घेतला. वाटलं, पुन्हा चाचणी. मूठ तोंडात धरून वळलो तर हिचे डोळे दिसले, आणि मग हिचा काटा. शून्य.

वर आलो. हळूहळू, मध्ये तीन मिनिटं थांबून, नीट. दोघंही.

काठावर कितीतरी वेळ हिने माझा उजवा हात सोडला नाही. मग म्हणाली, "अहो, मी तर सगळा वेळ तुमचाच काटा बघत होते."