नीलाच्या गळ्यात काही राहत नाही

ताडकळस,
१४ जून १९८७

ती. अक्कास,
धाकट्या भागम्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहीन लिहीन म्हणते, पण कागद काढला की नीला तो ओढून नेते आणि त्याच्या बारीक, अगदी सारख्या पट्ट्या फाडत बसते. आत्ता ती दुपारची झोपली आहे तेवढ्यात लिहून घेते, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस. दाजींचा खोकला कसा आहे? तुमच्या हैदराबादेत यंदा आंबे लय स्वस्त झालेत असं ऐकते. आम्हाला कोण पाठवतंय म्हणा.

नीला बोलायला लागली का, असं तू विचारलंस. लागली, पण माझ्याशी नाही. पाचवं वर्ष लागलं तरी आई म्हणत नाही, हाकेला ओ देत नाही, डोळ्याला डोळा भिडवत नाही. आणि परवा चुलीपुढं उभी राहून, रेडिओतल्या बाईच्या आवाजात, खणखणीत बोलली की हे आकाशवाणीचं परभणी केंद्र आहे. तुझे मेहुणे बाहेर दुकानात कापड फाडत होते, ते कात्री हातात घेऊनच आत धावत आले. मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं.

आता खरं दुखणं सांगते. आपल्या लिंगायतांत लेकराच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात, ते हिच्या गळ्यात टिकत नाही. बारशाला स्वामींनी बांधलं, पाळण्याला लटकत होतं तोवर बरं होतं. गळ्यात आल्यापासून ती दोरा ओढून तोडते, मानेवर ओरखडे काढून घेते. आमचे मामंजी किती नेमाचे ते तुला ठाऊक आहे. ज्याच्या अंगावर इष्टलिंग नाही त्याच्या पंक्तीला ते बसत नाहीत. म्हणून सख्ख्या नातीला मागच्या सोप्यात वेगळं वाढावं लागतं. माणूस वाईट नाही गं, पण ते ताट मागं नेऊन ठेवायचं मलाच असतं.

काल म्हणाले की पोरगी लय हट्टी हाय, पोळा झाला की डोंगराकडच्या मठात नेऊन ठेवू, तिथं दोघी बाया हायत, वळण लावतील, लिंग गळ्यात ऱ्हायला लागलं की आणू माघारी. एस.टी.नं अर्धा दिवस लागतो त्या मठाला. तुझे मेहुणे मापाची पट्टी उचलून दुकानात गेले. वडिलांपुढं ते कधीच बोलत नाहीत. तू लेकरांच्या दवाखान्यात नर्स आहेस, रोज नाना तऱ्हेची लेकरं बघतेस. पोळ्याच्या आत मला काहीतरी सुचव.

नमस्कार दोघांनाही. मला विसरू नकोस म्हणजे झालं.
तुझी,
भागा


हैदराबाद,
२ जुलै १९८७

चि. सौ. भागम्मास अ. आ.

आंब्यांचा टोमणा पोचला. आंबे मात्र संपले, आता पुढच्या साली. तुझे दाजी बरे आहेत, खोकतात ते फक्त मी बोलायला लागले की.

नीलाबद्दल मी आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलणार आहे, पण त्यांच्यापुढं नुसतं हट्टी म्हणून चालायचं नाही. मला नीट माहिती हवी. तू आठ-पंधरा दिवस रागावणं बाजूला ठेव आणि नुसती बघ. तिला गळ्यातलं इष्टलिंगच नको असतं, की गळ्यात काहीच नको असतं? मण्यांची माळ? फ्रॉकची कॉलर? हातातल्या बांगड्या, पायातले तोडे चालतात का? आणि ते रेडिओचं बोलणं ती कधी बोलते, त्या आधी काय झालेलं असतं? मला तर त्या रेडिओचं फार कुतूहल वाटतं आहे. पोपट बोलतो तसं ती बोलते, की तिला काही सांगायचं असतं?

आणि रडत जाऊ नकोस. तू लहानपणी लोकरीचा स्वेटर घातला की गल्लीभर बोंबलत पळायचीस, तुला कुणी मठात नेऊन टाकलं नव्हतं.

सविस्तर लिही. वाट बघते.
तुझी अक्का,
चन्नबसम्मा


ताडकळस,
२९ जुलै १९८७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एस.टी. आणि टपाल दोन्ही अडकलं, म्हणून उशीर. तुझ्या प्रश्नांनी मला पार फौजदार करून टाकलंय. दिवसभर नीलाच्या मागं मागं असते.

आधी रेडिओचं ऐक. मामंजी ताटावर बसायच्या वेळी बातम्यांसाठी रेडिओ लावतात. ताटं मांडली की तेच वाक्य घरात ऐकू येतं. नीलाला भूक लागली की ती तेच म्हणते! म्हणजे माझी लेक इतके दिवस मला जेवायला वाढ म्हणत होती आणि मी सगळ्या गल्लीला गंमत म्हणून सांगत होते. खात्री करावी म्हणून परवा मीच भाकरी थापता थापता त्या बाईच्या आवाजात बोलले, की हे आकाशवाणीचं परभणी केंद्र आहे. अक्का, ती पळत आली, पाट ओढला आणि बसली. नावानं हाक मारून जी कधी आली नाही ती. आता मीच केंद्र झालेय. शेजारची गीताबाई म्हणते की लेकीपाई भागम्माचं डोकं फिरायलंय.

गळ्याचं असं की माळ नको, रिबीन नको, कॉलरही नको. पायातले जड तोडे मात्र काढू देत नाही. म्हणजे तिचं भांडण इष्टलिंगाशी नाही, मानेवरच्या दोऱ्याशी आहे. हे कळल्यावर मला वाटलं, जिंकले. मऊ मलमलीची पिशवी शिवली, त्यात इष्टलिंग घातलं आणि पिशवी फ्रॉकला कमरेपाशी आतून टाचली. मामंजींना सांगितलं की नीलाच्या अंगावर आता इष्टलिंग राहतं. त्यांनी हात लावून पाहिलं आणि तिला शेजारी पाट मांडायला लावला. स्वतःच्या हातानं दूधभाकरी कुस्करून दिली. मी दाराआडून बघत होते.

दोन दिवस सगळं छान चाललं. मग तांब्या सांडून फ्रॉक ओला झाला. ओलं कापड तिला एक क्षण सोसत नाही, हे मला ठाऊक होतं आणि माझ्या ध्यानात राहिलं नाही. तिनं फ्रॉक काढून भिरकावला, तो थेट दुकानाच्या उंबऱ्यापाशी, गिऱ्हाइकांच्या चपलांवर. आणि नागडी जाऊन कापडाच्या ठाणांवर बसली. मामंजींनी चपलांतून फ्रॉक उचलला, पिशवी हाताला लागली आणि त्यांचा चेहरा उतरला. अंघोळ केली, दिवसभर पाणी घेतलं नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. इष्टलिंग त्यांनी स्वतःपाशी ठेवून घेतलंय. संध्याकाळी यांना सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मठात जायचं, फैसला झाला.

मी शहाणपणा करायला गेले आणि होतं तेही घालवलं. डॉक्टर काय म्हणाले ते लगोलग कळव.
भागा


हैदराबाद,
९ ऑगस्ट १९८७

चि. सौ. भागम्मास अ. आ.

तुझं पत्र मी डॉक्टरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. रेडिओचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. ते म्हणाले, या प्रकाराला ऑटिझम म्हणतात. मराठीत काय म्हणायचं ते त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. हा हट्ट नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, आणि नीट ऐक, ही आईची चूकही नव्हे. लेकरू जन्मतःच असं असतं. आपल्याला जो दोरा लागतही नाही तो तिला चटका दिल्यासारखा लागत असेल. यावर औषध नाही. पण अशी लेकरं शिकतात, त्यांच्या त्यांच्या वाटेनं, ओळखीच्या जागी, ओळखीच्या माणसांत. परक्या ठिकाणी टाकली तर होतं तेही विसरतात. म्हणून मठाचं काही झालं तरी होऊ देऊ नकोस. अगदीच वेळ आली तर तिला घेऊन सरळ इकडं ये. माझ्या पाळ्या असतात, जागा लहान आहे, पण बघू.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलंय. ती माणसाच्या डोळ्यांकडं बघत नाही, मग टक लावून बघते कशाकडं? ज्याकडं बघते तिथूनच तिला शिकवायला सुरुवात करता येते म्हणे.

हे पत्र तुझ्या मामंजींना वाचून दाखव. माझ्यावर रागावले तर रागावू देत, मी लांब आहे.
तुम्हा सगळ्यांवर जीव टांगलेली,
अक्का


ताडकळस,
३० ऑगस्ट १९८७

सौ. चन्नबसम्माबाई यांस,
मन्मथअप्पाचे शरणार्थ व आशीर्वाद.

तुमची बहीण खुशाल आहे. या खेपेला मी लिहितो, असं मीच तिला म्हणालो.

तुमचं पत्र तिनं वाचून दाखवलं. डॉक्टरसाहेबांचं सगळं म्हणणं मला पटलेलं नाही. जन्मतः आहे म्हणून वळण लावायचंच नाही, हे मला कबूल नाही. पण त्यांचा शेवटचा सवाल डोक्यातून गेला नाही, कारण त्याचं उत्तर सूनबाईला ठाऊक नव्हतं आणि मला होतं. पोर रोज सकाळी देवघराच्या दाराआड उभी असते. मी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतो, तेव्हा ती माझ्या हाताकडं बघते. विभूती सांडायला टपली आहे असं समजून मी तिला रोज हाकलत होतो.

पोळ्याच्या दिवशी हाकललं नाही. ती आत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि डावा हात पुढं केला. कोणी शिकवलेलं नाही. तिचं इष्टलिंग माझ्यापाशीच होतं. दोरा नाही, डबी नाही, तसंच तिच्या तळहातावर ठेवलं. आता फेकते, या भीतीनं माझा हात तिच्या हाताखालीच धरलेला होता. तिनं फेकलं नाही. माझी पूजा संपली, तिचं बघणं संपलं नाही. दुकानातून गिऱ्हाईक हाका मारायलं होतं, बाहेर बैलांच्या घुंगरांचा गलका होता, तिचे डोळे हलले नाहीत. मी जन्मभर बसायलोय, पण माझं मन घडीत दुकानात जातं, घडीत शेतात. तिला तिथं काय दिसत असेल, हे मला अजून उमगत नाही. मग उठली, इष्टलिंग माझ्या हातात ठेवलं आणि निघून गेली.

मठात न्यायचं मी रद्द केलं. तेव्हापासून माझ्या गळ्यात दोन इष्टलिंगं असतात, एक माझं आणि एक नीलाचं. सकाळी तिचं तिच्या हातावर, पूजा झाली की परत माझ्याकडं. हे शास्त्रात बसतं का, ते स्वामींना विचारलेलं नाही. नाही म्हणाले असते तर पंचाईत झाली असती. भाऊबंद म्हणतात म्हातारा ढिला पडला. म्हणोत. जेवायला ती माझ्या शेजारी असते, ज्याला चालत नसेल त्यानं मागच्या सोप्यात पाट मांडून घ्यावा. पोर सुधारली असं मात्र समजू नका. परवाच न्हाव्याला चावली.

एका गोष्टीचा घोर लागून राहिला आहे. माझं वय झालं. परवा दुकानात बसलो असता बोलून गेलो की मी गेल्यावर हिचं कोणी गळ्यात बाळगायचं. नीलाचा बाप शिवमूर्ती कापडाची घडी घालत होता. हा मुलगा माझ्यापुढं कधी तोंड उघडत नाही. मान वर न करता म्हणाला की तुमच्यामागं माझ्या गळ्यात. मला फार बरं वाटलं. मग माझ्याच तोंडून निघालं की आणि तुझ्यामागं? त्यानं घडी उलगडली आणि पुन्हा घातली. सूनबाई दारात येऊन उभी राहिली.

तुमच्या डॉक्टरसाहेबांनी अशी लेकरं मोठी झालेली, म्हातारी झालेली पाहिली असतील. त्यांच्यापाशी कोण असतं, तेवढं विचारून लिहावं. नसेल ठाऊक, तर ठाऊक नाही असंही लिहावं, पण लिहावं.

आमच्या घराकडं आपलं लक्ष आहे, ते असंच राहू द्यावं.
आपला,
मन्मथअप्पा