कमलबाईंच्या मुठीतलं पान

रविवार, संध्याकाळ. पाटस.

चूक माझीच. दुसऱ्या कुणावर ढकलून उपयोग नाही.

चार महिने निमोण्यात लेखनाचा वर्ग घेतला आणि आज इथं पहिलं जाहीर वाचन ठेवलं. वर्गातल्या कमलबाई त्यासाठीच निमोण्याहून आल्या होत्या. साठी उलटलेली, निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मेंढरं विकली त्या दिवसाबद्दल त्यांनी एकच पान लिहिलंय. चार घड्या घालून मुठीत धरलं होतं.

आणि मी काय केलं? आधी सत्कार ठेवले. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन. एकाला बोलावलं की दुसरा रुसतो, म्हणून सगळ्यांनाच. शाल, नारळ, वर प्रत्येकाचं मनोगत. साडेपाच वाजले तरी एकही पान वाचून झालं नव्हतं.

कमलबाई जवळ आल्या. "मॅडम, शेवटची यस्टी हाय. निघते."

"तुमचं पान मी वाचू का?"

"न्हाई. मेंढरं माझी व्हती, मीच वाचीन."

मूठ घट्टच. तशाच गेल्या. बाकीच्यांचं वाचन सुरू झालं तोवर पाहुणेही निघून गेले होते.

आत्ताच त्यांना फोन केला, अजून यस्टीतच आहेत. म्हटलं, पुढच्या रविवारी वाचन तुमच्या अंगणात. पहिलं पान तुमचं. सत्कार नाही, भाषण नाही. पाहुण्यांना यायचं तर सतरंजीवर बसतील. रुसले तर रुसू देत.

यस्टीच्या घरघरीतूनच म्हणाल्या, "बरं. पर सांगून ठिवा समद्यास्नी. माझं वाचून झाल्याबिगर च्या न्हाई."