सर्वांनी वाचावीत अशी पत्रं

आई, तू गेलीस त्याला आता आठ वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मी तुला एकदाही पत्र लिहिलं नाही, कारण पत्र कसं लिहायचं ते तूच शिकवलंस, आणि तू शिकवलेल्या पत्रात मला जे सांगायचंय ते बसत नाही. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, अंबरनाथच्या ह्या भाड्याच्या खोलीत मी एकटी आहे आणि मला तुझा भयंकर राग आलेला आहे. आधी तेवढं लिहून टाकते. क्षेमकुशल वगैरे काही विचारत नाही.

तुला माहीत नाही, पण हे आता मस्कतला नाहीत. तू गेल्यावर तीन वर्षांनी ते न्यूझीलंडला गेले. ऑस्ट्रेलियाच्याही खाली आहे तो देश. तिथे त्यांचं काम पक्कं झालं, कायम राहण्याची परवानगी मिळाली आणि मग त्यांनी बायको म्हणून माझा अर्ज भरला. दहा वर्षांच्या लग्नात आम्ही एका छपराखाली किती राहिलो? दर दोन वर्षांनी रजेचा एक महिना, एवढंच. त्यामुळे तिथल्या कचेरीने आमच्यातल्या नात्याचा पुरावा मागितला, पत्रं, फोटो, जे असेल ते. ह्यांनी माझं एकूण एक पत्र जपून ठेवलं होतं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तो डबाच त्यांनी मला पाठवला. त्यांची मला आलेली पत्रं माझ्याकडे होती. मला वाटलं, एवढी पत्रं आहेत म्हटल्यावर काळजी कसली? दीड महिन्यापूर्वी उत्तर आलं. ह्या कागदांवरून पती-पत्नीचं नातं खरं असल्याबद्दल खात्री पटत नाही, दोन महिन्यांत खुलासा द्यावा, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय होईल. आहे त्या कागदांवर काय निर्णय होईल ते मला दिसतंय. नकार आला तर ह्यांनी तिकडे एकटं राहायचं आणि मी इकडे, आणखी किती वर्षं कोण जाणे.

खरं तर कचेरीच्या आधी ते मला कॅम्प तीनच्या, इथल्या जवळच्या सिंधी वस्तीतल्या टायपिस्टने सांगितलं होतं. जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या जिन्याखाली हे सिंधी काका टाइपरायटर घेऊन बसतात. आयुष्य इथे गेल्यामुळे मराठी आपल्यासारखं वाचतात. मी पत्रांचं भाषांतर करायला दिलं होतं. पाच-सहा पत्रं झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटी, बुरा मत मानना. ये हजबंड को लिखा है के हेडमास्टर को?"

"ह्यांनाच लिहिलंय, काका."

"सब में यहीच है. पाऊस बरा झाला. मामांचा गुडघा दुखतो. लोणचं पाठवलंय, बरणी उन्हात ठेवू नये. अरे, मेरी घरवाली मेरे को सुबह-शाम गाली देती है, उसमें भी इससे जास्ती प्यार है!"

वरच्या पायरीवर बसलेला कारागीर खदाखदा हसला. माझे कान तापले. मग काका आवाज खाली आणून म्हणाले, "पुराना कागज मेरे पास पडा है. दो-चार अच्छे वाले लिख डाल, पुरानी तारीख डाल के. किसको समझेगा?" मी म्हटलं, "खोटं काही द्यायचं नाही." किती ताठ मानेने म्हटलं मी ते!

मी हेडमास्तरांना लिहिल्यासारखी पत्रं का लिहिली, आई? बेलवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात, शाळेत नाव घालायच्याही आधी, तू मला अक्षरं शिकवलीस. तू वाल सोलायचीस, मी समोर पाटीवर गिरवायचे. गल्लीतल्या बायका तुझ्याकडून पत्रं लिहून घ्यायला यायच्या आणि तू त्यांना तुझा नियम ऐकवायचीस, "पत्र चार जणांत वाचलं जाणार असं धरूनच लिहावं." त्या नियमामागे काय होतं तेही मला माहीत आहे. समोरच्या नव्या सुनेने तुझ्याकडून नवऱ्याला 'तुमच्याशिवाय करमत नाही' असं लिहून घेतलं. नवरा गावी वडिलांकडे गेलेला, पत्र तिथे सासऱ्याच्या हाती पडलं, पारावर मोठ्याने वाचलं गेलं आणि बोभाटा आपल्या गल्लीपर्यंत आला. पुढे वर्षभर ती पाणी भरायला गेली की बायका विचारायच्या, "काय गं, आज तरी करमतंय का?" तू त्याचा दोष स्वतःकडे घेतलास, आणि ती शिक्षा मला दिलीस. सुनेला एक वर्ष चिडवलं लोकांनी. मला दहा वर्षं झाली.

लग्नानंतर महिन्या-दीड महिन्यात हे मस्कतला गेले आणि मी तुझ्याकडे राहायला आले. त्यांचं पाकीट आलं की तू ते फोडत नसायचीस, एवढा मान राखायचीस. मला फोडायला लावायचीस आणि समोर बसून म्हणायचीस, "हं, वाच." मी वाचते. तू मान डोलावतेस, शेंगा सोलतेस. मी उत्तर लिहिते, तू हात पुसून कागद घेतेस. एकदा मी लिहिलं होतं, 'तुमची फार आठवण येते.' तू पेनने ती ओळ इतकी दाबून खोडलीस की कागद फाटला.

"आठवण येते हे त्याला माहीत नाही होय? लिहून कशाला दाखवायचं?"

"अगं, पण त्यांनाच तर लिहितेय."

"त्या खोलीत आठ बाप्ये राहतात. उद्या उशीखालून काढून कुणी वाचलं म्हणजे? तुझी नाही, त्याची थट्टा होईल. घे, दुसरा कागद घे."

मी दुसरा कागद घेतला. त्यावर लिहिलं, इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी. फोटोंचंही तेच. लग्नात फोटोवाला म्हणाला, दोघांचा एक घेऊ, तर तू मध्ये मावशीला उभं केलंस. "नुसती दोघंच काय? बरं दिसतं का ते?" आमच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये आम्ही दोघंच असलेला एक फोटो नाही. परक्या देशातल्या माणसाला त्यातून काय कळावं? त्याला वाटलं असेल, हा बुवा मावशीचा नवरा.

पण कचेरीच्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं ते एक वाक्य. त्यांनी माझ्या एका पत्राचा दाखला दिलाय. लग्नानंतरच्या तिसऱ्याच महिन्यातलं पत्र. त्यात मी ह्यांना लिहिलंय, 'पुन्हा असं काही लिहू नये. घरात पत्र सगळे वाचतात.' कचेरी विचारते, पत्नी पतीला मनातलं लिहू नको असं का सांगते? आणि पतीने असं काय लिहिलं होतं? ते पत्र का जोडलेलं नाही?

गेल्या सोमवारी मी त्याचा खुलासा काकांकडून टाइप करून घेतला. स्टँप पेपरवर, वकिलाच्या शिक्क्यासकट. त्यात म्हटलंय की पतीच्या पहिल्या पत्रातलं खासगी पान माझ्या दिवंगत आईने जाळून टाकलं आणि तिच्या सांगण्यावरून मी तसं उत्तर लिहिलं. काकांनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, "अच्छा है. माताजी तो रही नहीं, उनको क्या फरक पडता है." मी सही केली. तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. एवढा राग होता की तूच जाळलंयस असं मला खरोखर आठवत होतं.

आज सकाळी गीझरचं बटण दाबलं आणि बंब आठवला.

तू त्या दिवशी रेशनच्या रांगेत होतीस. पोस्टमनने पाकीट माझ्याच हातात दिलं. दोन पानं होती. दुसरं पान मी मागच्या दारी उभी राहून वाचलं, मग परत वाचलं, आणि तू आल्यावर तुला पहिलंच पान वाचून दाखवलं. दुसरं रात्रभर उशीच्या अभ्र्यात होतं, पण मला झोप लागेना. कुणी अभ्रा धुवायला काढला तर? सकाळी बंबात कोळशावर मीच ते टाकलं. तू बादली घेऊन आलीस. "पाणी तापलं का गं?" मी हो म्हटलं. तू बंबात वाकून पाहिलंस आणि बादली भरून घेऊन गेलीस.

संध्याकाळी मी ते उत्तर लिहिलं. तू हात पुसून कागद घेतलास आणि दोनदा वाचलास. मग म्हणालीस, "एवढं कडक कशाला? पोरगा परमुलखात एकटा आहे. जरा मऊ लिही." मी म्हटलं, "राहू दे तसंच." पाकीट मीच चिकटवलं. त्यानंतर ह्यांनी मला कधीच दुसरं पान लिहिलं नाही.

तरी माझा राग गेलेला नाही, आई. वीस वर्षांची पोर स्वतःच्या नवऱ्याच्या पत्राला चोरीच्या मालासारखी घाबरते, ती आपोआप नाही घाबरत. मऊ लिही म्हणायला तुला एकच दिवस सापडला, आणि तोपर्यंत मला मऊ लिहिताच येत नव्हतं. हे मी मागे घेणार नाही. पण जाळलं मी, आणि सही करून नाव तुझं लावलं, तेही तू उत्तर द्यायला नाहीस हे बघून. तो खुलासा अजून पोस्टात टाकलेला नाही. समोर टेबलावर आहे.

उद्या कॅम्प तीनला जाऊन दुसरा करून घ्यायचं ठरवलंय. त्यात पान मी जाळलं असं येईल, आणि त्यात काय होतं तेही सांगावं लागेल, कारण कचेरीने तेच विचारलंय आणि मला ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे. जिन्याखाली, त्या हसणाऱ्या कारागिरासमोर, मोठ्याने. चार जणांत वाचलं जाणार असं धरून लिहायला तू शिकवलंस, तसंच होणार म्हण ना. कचेरीला ते पटेल की नाही, ठाऊक नाही.

निदान हात बसावा म्हणून त्या पानातली ह्यांची पहिली ओळ आत्ता दुसऱ्या कागदावर लिहून पाहिली. खोडली. परत लिहिली, परत खोडली, तुझ्यासारखंच दाबून. तिसऱ्यांदा लिहिली ती खोडलेली नाही. पण घरात कुणीही नसताना मी तो कागद पालथा घालून, वर पाण्याचा तांब्या ठेवला आहे.